तळ्याचा सोटा

मिर्यामने मला दोन पानं लिहायला सांगितली. पहिल्यावर गावाचा भूगोल, दुसऱ्यावर इतिहास.

"सोपं लिहा हं, आल्बिनामावशी. फलक तळ्याकाठी लागणार आहे. सायकलवाले थांबून वाचतात, पण त्यांना दोन मिनिटांच्या वर दम नसतो."

"मग मला कशाला सांगतेस? मास्तरणीला सांग."

"मास्तरीण बाहेरगावाहून येते. तुम्ही तीस वर्षं टपाल वाटलंय. घराघरातलं तुम्हाला ठाऊक."

घराघरातलं ठाऊक असणं ही काही चांगली गोष्ट नव्हे, पण ते तिला काय सांगणार? मिर्याम आमच्या मुर्वे गावाची प्रमुख. चौतीस वर्षांची पोर, पण एकदा मनात घेतलं की पाठ सोडत नाही. पन्नास वर्षं कोरडं पडलेलं, काटेरी झुडपांनी आणि फुटक्या बाटल्यांनी भरलेलं गावचं तळं पुन्हा बांधायचं तिनेच ठरवलं. तळ्याकाठी फलक आणि प्रत्येक घरावर त्या घराच्या नावाची भाजक्या मातीची पाटी, हेही तिच्याच डोक्यातलं.

आमच्याकडे आडनाव सरकारी कागदापुरतं. गावात माणूस ओळखला जातो तो घराच्या नावाने. घरजावई येतो, आडनाव बदलतं, घर विकलंही जातं, नाव मात्र घराला चिकटून राहतं. मी कागदावर आल्बिना उकमार, गावात 'मुखियाकडची आल्बिना'. आमच्या घरात कोण मुखिया होता ते आता कुणाला सांगता येणार नाही. चर्चशेजारचा सिरिल 'लोहाराकडचा'. त्याने जन्मात ऐरणीला हात लावला नाही, सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत केली. आणि माझ्या शेजारचा दानिलो श्वारा 'भोकपाड्याकडचा'.

भूगोल मी एका सकाळीत लिहिला. मुर्वे गाव चुनखडीच्या पठारावर आहे. अठ्ठावीस घरं, एक चर्च, चर्चसमोर लिंडेनचं झाड. नदी नाही, ओढा नाही, झरा नाही. पाऊस हवा तेवढा पडतो, पण पडला की गेला. खालचा दगड इतका चिरलेला की पाणी पायाखालून निघून जातं आणि पार समुद्राजवळ वर येतं म्हणतात. माती मिळते ती फक्त खळग्यांच्या तळाशी. जमीन खचून झालेले हे गोल खड्डे गावाभोवती चाळीस तरी असतील, प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकात कुणाचे ना कुणाचे बटाटे आहेत. बाकी सगळा दगड. भिंती दगडाच्या, छपरं दगडाची, आणि बुर्या वारा छप्पर उचलून नेऊ नये म्हणून छपरावर पुन्हा दगड. जग घडवताना देव पोत्यातून दगड वाटत निघाला होता आणि पोतं नेमकं आमच्या डोक्यावर फाटलं, असं आजी सांगायची. आजी देवाला त्याबद्दल कधी माफ करणार नव्हती.

अशा गावात पाणी दोन तऱ्हेचं. छपरावरून अंगणातल्या टाक्यात उतरतं ते माणसांचं, तळ्यातलं जनावरांचं. तळं म्हणजे तरी काय, दगडातला एक खोलगट भाग आणि त्याच्या तळाला बैलांकडून तुडवून घेतलेली हातभर चिकणमाती. ती माती शाबूत तोवर तळं. म्हणून तळ्यात लोखंड न्यायचं नाही, हा मुर्व्यातला पहिला नियम. पोरांना देवाच्या प्रार्थनेआधी तो शिकवत. बादलीला लोखंडी कडी असेल तर बादली काठावर ठेवायची आणि लाकडी डोणीने पाणी काढायचं. थंडीत बर्फ फोडायचा तोही लाकडाच्या सोट्याने.

हा सोटा पुरुषभर उंचीचा, खाली मोगरीसारखा जड. दर रविवारी प्रार्थना सुटली की तो एका दारातून पुढच्या दारात जायचा. ज्याच्या दारात सोटा त्याने आठवडाभर तळं सांभाळायचं: पाला काढायचा, बदकं हाकलायची, बर्फ फोडायचा. स्वतःला जमलं नाही तर दुसऱ्याला पाठवावं, पण बरंवाईट झालं तर जबाब सोटा असलेल्या घराचा.

एवढं लिहून मी पेन ठेवलं आणि कॉफी टाकली. साडेनऊ झाले होते, दानिलोची वेळ.

दानिलो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे अडुसष्टचा. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी माझ्याकडे येतो. माझं लग्न झालं नाही, त्याची मुलगी राजधानीत, ल्युब्लियानाला. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तब्येतीला नावं ठेवत अर्धा तास काढतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या अंगणाची दगडी कमान दिसते. कमानीला दोन फळ्यांचा ओक लाकडाचा दरवाजा आहे आणि त्याची डावी फळी कायम उघडी असते. बुर्याने माणूस उभा राहत नाही अशा दिवशीही उघडी. गावाला तेवढंच निमित्त पुरे. 'भोकपाडे ते, दाराला भोक ठेवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही,' हे मी लहानपणापासून ऐकतेय.

त्या दिवशी तो बसला, पण साखर ढवळतच राहिला.

"काय रे, कप फोडतोस का?"

"मिर्यामने पाट्यांचा कागद दिला. शनिवारी गावाच्या बैठकीत सगळ्यांनी सह्या करायच्या, मग यादी कुंभाराकडे."

"मग कर सही. लिहिता येतं ना?"

"नाव काय घालू? ती म्हणते, लोक जे वापरतात तेच घालायचं, तसा नियम आहे."

मी साखरेचं भांडं त्याच्यापुढून उचललं.

"छप्पन सालाआधी आमचं घर 'विणकऱ्याकडे' होतं," तो म्हणाला. "जुन्या थडग्यावर कोरलंय तसं. तू इतिहास लिहितेयस. त्यात लिही, की श्वारांचं घर म्हणजे विणकऱ्याचं घर. तुझ्या कागदावर आलं की सिरिल काय आणि आणखी कोण काय, तोंड उघडणार नाहीत."

"तुला कधीपासून लाज वाटायला लागली? बाजारात मध विकताना तूच ओरडतोस, भोकपाड्याचा मध म्हणून."

"मला नाही गं वाटत. मी त्यातच जन्मलो. पण तोंडातलं नाव वेगळं आणि भिंतीत बसवलेलं वेगळं. भाजक्या मातीचं. मी मेलो तरी ते तिथेच राहणार." त्याने कप खाली ठेवला. "बाबाने चूक केली, कबूल. गावाचं तळं घालवलं. पण माणूस वाईट नव्हता आल्बिना. तू पाहिलायस त्याला. एवढं कर."

"बघते," मी म्हणाले.

तो गेला. मी दोन्ही कप धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले. त्याने मागितलं ते देणं अगदी सोपं होतं. एक ओळ लिहायची, 'विणकऱ्याकडे', की संपलं. सुंठीवाचून खोकला जात होता. पण 'बाबाने चूक केली, कबूल' हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की मला खुर्चीत बसवेना. कारण ती चूक एमिल श्वाराने केलीच नव्हती. ती माझ्या बापाने केली होती, आणि हे मला पस्तीस वर्षं माहीत होतं.

छप्पनच्या फेब्रुवारीतली ती थंडी अजून म्हातारे लोक वर्ष न सांगता 'ती थंडी' म्हणतात. मी सहा वर्षांची होते. टाक्यातलं पाणी गोठलं, तळघरातली तेरान वाइनची पिंपं फुटली आणि बुर्या नऊ दिवस थांबला नाही. सोटा एमिलच्या दारात होता. त्याच आठवड्यात त्याची बायको बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना, सुईण पलीकडच्या गावात. एमिल तिला आणायला निघाला आणि जाताना आमच्या दारात येऊन माझ्या बाबांना म्हणाला, "आव्गुस्त, आजचा बर्फ तेवढा फोड. गाई हंबरतायत."

बाबा सोटा घेऊन गेले. बर्फ हातभर जाड. सोटा आपटला की नुसता उसळायचा. गाई काठावर उभ्या, तोंडाला बर्फ लटकलेला. तेव्हा बाबा घरी आले आणि पहार घेऊन गेले. द्राक्षवेलींचे खांब रोवायची लोखंडी पहार. काठाजवळ बर्फ तळापर्यंत गोठला होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या घावाला पहार बर्फातून गेली, मातीतून गेली आणि खाली दगडावर वाजली.

दुपारी दानिलो जन्मला. तिसऱ्या दिवशी तळ्यावरचा बर्फ तोफेसारखा आवाज करून खाली बसला. खाली पाणीच नव्हतं. गाव काठावर जमलं, कुणी तरी बर्फाचे तुकडे बाजूला केले आणि मनगटाएवढं भोक सापडलं. लोखंडाचं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"पाळी कुणाची?" त्या वेळच्या प्रमुखाने विचारलं.

"माझी," एमिल म्हणाला.

तो एवढंच बोलला. नियमाप्रमाणे ते खरंच होतं. बाबा त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. एमिलने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. बाबांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. झालं ते एवढंच. हे सगळं बाबांनीच मला सांगितलं, एकोणनव्वदमध्ये, झटका येऊन खाटेला खिळल्यावर, अर्ध्या तोंडाने. एमिलला तेव्हा मरून आठ वर्षं झाली होती. "तो बोलेल असं वाटलं," बाबा म्हणाले. "आज नाही तर उद्या बोलेल. मग वाटलं, आता मी कसा बोलू?"

गावाने एमिलच्या घराला वाळीत टाकलं असं कुणी म्हणणार नाही. बोलणं होतं, येणंजाणं होतं. फक्त घराला 'भोकपाड्याकडे' हे नाव चिकटलं आणि सोटा त्यांच्या दारात जायचा थांबला. शरद ऋतूत तळ्याला नवी माती घातली, बैलांकडून तुडवली, पण जुन्या-नव्याचा सांधा कधी नीट बसला नाही. तळं लंगडत राहिलं. निम्म्या वर्षी कोरडं, की गाई तासभर चालवत शेजारच्या गावी न्यायच्या आणि तिथल्या लोकांचे टोमणे ऐकायचे. सदुसष्टमध्ये नळ आला तेव्हा कुठे ते संपलं. तोवर अकरा वर्षं सोटा आमच्या घरातून निघून श्वारांचं दार वगळून पुढच्या घरी जायचा. आणि तो पुढच्या घरी पोचवायला बाबा स्वतः कधी गेले नाहीत. मला पाठवायचे. "सरळ जा, इकडेतिकडे बघू नकोस." मला वाटायचं, सोटा जड आहे म्हणून सांगतात. एमिल अंगणात लाकडं फोडत असायचा, मला पाहून टोपीला हात लावायचा. सहा वर्षांच्या पोरीसमोर टोपीला हात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त छळते. त्या दिवसानंतर बाबांनी आमची पहार डुकरांच्या गोठ्याखाली पुरून टाकली. मग वेलीचा खांब रोवायचा झाला की पहार उसनी आणायला ते एमिलकडेच जायचे. एमिल द्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर संन्याशाकडेच दोर मागायला जात होता.

बाबांचं ऐकलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते, पोस्टाची पिशवी रोज माझ्या खांद्यावर. सांगायला काय हरकत होती? आधी म्हटलं, बाबा जाऊ देत. ते गेले. मग म्हटलं, एमिलची बायको आहे अजून, तिला कशाला त्रास. तीही गेली. मग दानिलोची बायको गेली, तो सकाळी माझ्याकडे यायला लागला, आणि मग मी मूग गिळून बसले त्याचं कारण सरळ होतं: तो यायचा थांबला असता. मुर्व्यात माझ्याशी अर्धा तास बोलणारं दुसरं कोण आहे?

शुक्रवारी मी इतिहास लिहिला. आधी जुनी खानेसुमारी, मग चर्च, मग पहिलं महायुद्ध, जेव्हा आघाडी इतकी जवळ होती की खिडक्यांच्या काचा महिनोन् महिने थरथरत. मग इटालियन आले, शाळेत आमच्या बोलीत बोललं की बाबांच्या हातावर छडी बसायची. मग चव्वेचाळीसमध्ये जर्मनांनी अकरा घरं जाळली. आजी जन्मली ऑस्ट्रियात, आई इटलीत, मी युगोस्लाव्हियात, आणि कुणी घर बदललं नाही, हा विनोद मी मुद्दाम गाळला. या पठारावर तो ज्याने त्याने सांगून झालाय. छप्पन सालापाशी आले तेव्हा सहा ओळी लिहिल्या, आणि बदल करावासा वाटायच्या आत कागद घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

शनिवारी लिंडेनखाली बाकं मांडली होती. मिर्यामने केक आणला होता. दानिलो पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी वाचायला उभी राहिले. दगडांच्या पोत्यावर लोक हसले, छडीवर गप्प झाले, जळालेल्या घरांवर सिरिलने नाक शिंकरलं. मग मी वाचलं:

"फेब्रुवारी एकोणीसशे छप्पनमध्ये तळ्याचा तळ फुटला. सोटा विणकऱ्याच्या घरच्या एमिल श्वाराच्या दारात होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती आणि तो सुईणीला आणायला गेला होता. त्याच्या सांगण्यावरून बर्फ फोडायला मुखियाच्या घरचा आव्गुस्त उकमार गेला. लोखंडी पहार आव्गुस्तने नेली. त्याने हे कधी सांगितलं नाही. एमिलनेही सांगितलं नाही. हे लिहिणारी आव्गुस्तची मुलगी आहे आणि तिला हे एकोणनव्वद सालापासून माहीत आहे."

सिरिल म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाला हसत होतो?"

"हसत कुठे होतो?" मागून एक बाई म्हणाली. "सोटा द्यायचं बंद केलं होतं आपण."

"मावशी," मिर्याम हळू आवाजात म्हणाली, "हे... हे फलकावर बसणार नाही. म्हणजे जागेचं म्हणतेय मी."

"सायकलवाल्यांना नको वाटलं तर त्यांनी पुढे जावं."

दानिलो उठला. मला वाटलं, ओरडेल. मला ते हवंही होतं. तो माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "पस्तीस वर्षं?"

"हो."

"माझ्यासमोर बसून? रोज? मी परवा म्हटलं, बाबाने चूक केली, तेव्हासुद्धा 'बघते' म्हणालीस?"

"हो रे."

"तो मेला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेला होतो, आल्बिना. एका पहारीवरून. शाळेत मार खाल्ला मी त्याच्यापायी. आणि तो मला एकदाही म्हणाला नाही, तो मी नव्हतो म्हणून."

आणि तो गेला. केक कुणी कापला नाही. मी मिर्यामच्या कागदावर सही केली. यादीत त्याच्या घरापुढे कुणी तरी आधीच 'विणकऱ्याकडे' लिहिलं होतं. माझ्या घरापुढे मी लिहिलं, 'भोकपाड्याकडे'.

"अहो मावशी, नियम आहे, लोक वापरतात तेच नाव..."

"वापरतील. हे मुर्वे आहे, आठवड्याच्या आत वापरतील."

आठवडाही लागला नाही. तिसऱ्या दिवशी पावाच्या गाडीपाशी रांगेत सिरिल म्हणाला, "भोकपाडीण, तुझं काय?" आणि लगेच जीभ चावली. मी त्याला म्हटलं, "गाडीवाल्याला एक पाव दे म्हणावं, आणि चांगला भाजलेला."

दानिलो साडेनऊला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोन कप काढत राहिले, मग एक काढायला लागले. खिडकीतून त्याच्या दरवाजाची उघडी फळी दिसायची आणि आतून त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांची ठोकाठोक ऐकू यायची. मला एकटं वाटलं, फार वाटलं, आणि त्यात मला अन्याय असा काही दिसेना.

जूनमध्ये तळ्याची माती तुडवली. बैल आता कुणाकडे नाहीत, म्हणून घोडेस्वारीच्या शाळेतून चार घोडे मागवले. दानिलोने ते काठावरच अडवले.

"नाल काढा."

"अहो काका, फक्त तासाभराचं काम," घोडेवाला म्हणाला.

"नाल काढा नाहीतर परत न्या. लोखंड आत जाणार नाही."

घोडे परत गेले. मग सगळं गाव अनवाणी आत उतरलं, म्हातारे, पोरं, पाद्रीसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. अकॉर्डियन वाजवणाऱ्याला दानिलोने आधी पट्ट्याचं बक्कल काढायला लावलं, त्यामुळे तो एका हाताने पँट सावरत वाजवत होता आणि सूर चुकवत होता. आम्ही गोल गोल फिरत होतो, माती घोट्यापर्यंत गार. मी जिथे असायचे त्याच्या समोरच्या बाजूला दानिलो असायचा, दिवसभर. मी थांबले की तोही थांबायचा, पण अंतर कमी होऊ दिलं नाही.

सप्टेंबरमध्ये पाट्या लागल्या. ऑक्टोबरच्या पावसाने तळं भरलं आणि ते पाणी राहिलं. फलकावर माझ्या सहा ओळी मिर्यामने बसवल्या. केकची पाककृती छापायची होती ती जागा त्यांना दिली. नवा सोटा सिरिलने केला, विमेवाल्याच्या मानाने बरा केला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो चर्चजवळच्या घरापासून निघाला. पाचवं घर माझं.

माझ्या आठवड्यात पहिला बर्फ धरला, नखाएवढा. मी रोज सकाळी जाऊन सोट्याने तो फोडला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना ते पटलं नाही. तळ्यावर पाणी प्यायला आता गाई नाहीत, दोन गाढवं आणि कुणाची तरी मेंढरं येतात, पण गाढवंही तहानेली असतात.

मग रविवार आला. प्रार्थना सुटली. मी घरी येऊन सोटा घेतला आणि निघाले. माझ्या दारापासून श्वारांच्या कमानीपर्यंत चाळीस पावलं आहेत, मी लहानपणी मोजलेली. त्या चाळीस पावलांवर मला बाबांचा आवाज ऐकू येत होता, सरळ जा, बघू नकोस. गावातले लोक घरी जायचे सोडून लिंडेनखाली रेंगाळत होते. मला माहीत होतं का ते.

दरवाजाची डावी फळी उघडी होती. उंबरा झाडलेला होता. दानिलो आत उभा होता, चर्चमधल्या कपड्यांत. मी कमानीखाली थांबले. आत पाऊल टाकायचं धाडस होईना.

"सोटा आणलाय," मी म्हणाले. "तुझी पाळी."

त्याने तो घेतला. हातात तोलला, उलटा करून खालचं टोक पाहिलं, अंगठ्याने चाचपलं. कमानीच्या आतल्या बाजूला दगडात एक खाच आहे, घासून गुळगुळीत झालेली. ती कशाची ते मी कधी विचारलं नव्हतं. त्याने सोटा त्या खाचेत उभा केला आणि तो तिथे नीट बसला.

"बाबा दर वेळी उंबरा झाडायचा," दानिलो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "सोटा तुमच्या घरात आला की आठवडा मोजायचा. रविवारी प्रार्थनेहून आला की उंबरा झाडायचा आणि दरवाजा उघडून ठेवायचा. आई म्हणायची, अरे वारा येतो, लाव तो. तो म्हणायचा, राहू दे, कुणी तरी येईल."

मी झाडलेल्या उंबऱ्याकडे पाहिलं.

"नळ आला तरी उघडाच ठेवायचा. मग सवयच लागली, रोजची. तो गेल्यावर मीही तसाच ठेवला. कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं." तो आता माझ्याकडे पाहत होता. "तू समोरून सोटा घेऊन जायचीस. मला आठवतं. लाल टोपी होती तुझी."

"मला माहीत नव्हतं तेव्हा," मी म्हणाले, आणि रडायला आलं ते आवरलं नाही. "तेव्हा खरंच माहीत नव्हतं रे. नंतर होतं."

"हं."

वारा सुटायला लागला होता. दानिलो दरवाजाच्या उघड्या फळीकडे गेला आणि तिला खांदा लावला. फळी जागची हलली नाही. बिजागऱ्या गंजून दगड झाल्या होत्या, खाली माती साचलेली, मातीत गवत. त्याने पुन्हा जोर केला. चेहरा लाल झाला.

"नुसती बघत काय उभी राहिलीस?" तो म्हणाला. "हात लाव की."

मी कमानीतून आत आले आणि त्याच्या शेजारी फळीला दोन्ही हात लावले. एकदा ढकललं, दोनदा ढकललं. तिसऱ्या वेळी खालचं गवत उपटलं गेलं, बिजागऱ्या करकरल्या आणि ती जड फळी हळूहळू, थांबत थांबत वळली. लिंडेनखालचे लोक दिसेनासे झाले. दरवाजा लागला, आणि मी आतल्या बाजूला होते.